काटा, गोडाऊन आणि हिशेब : गटाने मिळून वापरायचं सॉफ्टवेअर कसं आखावं

सोयाबीनचा हंगाम आहे. शेतकरी उत्पादक कंपनीची तीन गावांत तीन खरेदी केंद्रं, तालुक्याला एक गोडाऊन आणि हिशेबनीस एकच. काट्यावरचा माणूस पावतीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. त्याच्या खाली लगेच दहा ‘शुभ सकाळ’ आणि एक वाढदिवस येऊन पडतो. संध्याकाळी हिशेबनीस बोटाने वर सरकवत फोटो शोधतो, आकडे एक्सेलमध्ये भरतो आणि ‘खरेदी फायनल २’ नावाची फाइल परत त्याच ग्रुपवर टाकतो. गोडाऊनवाल्याकडे कालची ‘खरेदी फायनल’ उघडी असते. दोघंही खरंच बोलत असतात, पण पोत्यांचा आकडा जुळत नाही.

अशा गटासाठी सॉफ्टवेअर आखायचं तर कुठून सुरुवात करायची आणि कुठे पाय घसरतो, ते इथे क्रमाने मांडलं आहे. आकडे स्पष्ट असतात म्हणून उदाहरण सोयाबीन खरेदीचं घेतलं. दूध संकलन, पाणीवापर संस्था, बांधकामावरचं साहित्य, कुठेही पायऱ्या साधारण याच राहतात.

पायरी १ : आधी प्रश्न मोजा

पहिले तीन दिवस कोड लिहू नका. एक दिवस काट्यावर बसा (गर्दीचा दिवस निवडा, मोकळ्या दिवशी सगळं छान चालतं), एक दिवस गोडाऊनला, एक हिशेबनिसाच्या टेबलापाशी. वहीत पाच रकाने आखा : कोणी विचारलं, कोणाला, काय, उत्तर कुठून मिळालं, किती वेळ गेला. फोनवरचे प्रश्नही धरा.

‘तुम्हाला ॲपमध्ये काय काय हवंय?’ असं मात्र विचारू नका. त्यावर चाळीस इच्छांची यादी मिळते आणि तिच्यातल्या बऱ्याचशा संचालकांच्या असतात. वहीतून निघतात ते खरे प्रश्न, आणि ते थोडेच असतात : आजचा भाव काय, माझं वजन किती भरलं, गोडाऊनला जागा आहे का, गाडी निघाली का, पैसे कधी जमा होणार. पहिल्या आवृत्तीने एवढ्या पाचांची उत्तरं दिली की पुरे. वहीतले आकडे जपून ठेवा, शेवटी त्यांच्याशीच तुलना करायची आहे.

पायरी २ : लिहिणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

गटाची सॉफ्टवेअर्स का आपटतात, याची कारणं जोनाथन ग्रुडिन या अमेरिकी संशोधकाने १९८८ साली मांडली. त्यातलं पहिलं आजही तितकंच लागू आहे : काम वाढतं एकाचं आणि फायदा होतो दुसऱ्याचा. आपल्याकडे नोंद भरणार काटेवाला, आणि तक्ता बघणार सीईओ. काटेवाल्यापुढे वीस ट्रॅक्टर उभे आहेत, हमाल ओरडतायत, आणि त्याने कार्बन ठेवून तीन प्रतींची पावतीही फाडायची आणि वर मोबाइलमध्येही भरायचं? पहिले दोन दिवस भरेल, तिसऱ्या दिवशी ‘संध्याकाळी एकदम टाकतो’ म्हणेल. आणि संध्याकाळी एकदम टाकलेली माहिती गोडाऊनच्या कामाची उरत नाही.

उपदेश आणि सक्ती दोन्ही इथे चालत नाहीत. त्याचं काम खरोखर कमी करा. वजन, पोती आणि ओलावा भरला की वजावट आपोआप व्हावी आणि ५८ मिलिमीटरच्या ब्लूटूथ थर्मल प्रिंटरवर पावती निघावी. हाताने लिहायची पावती बंद झाली, गणकयंत्र बाजूला पडलं, म्हणजे तो स्वतःहून ॲप उघडतो. थर्मल कागदावरची अक्षरं मात्र उन्हाने, उष्णतेने उडतात. गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली पावती लवकरच कोरी दिसू लागते. म्हणून तीच माहिती शेतकऱ्याला एसएमएसनेही जायला हवी.

प्रत्येक रकान्यापुढे लिहून काढा : हा कोण भरणार, आणि भरल्याबद्दल त्याच क्षणी त्याला काय मिळणार. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, तो रकाना काढून टाका. ‘पुढेमागे अहवालाला लागेल’ हे कारण धरू नका.

पायरी ३ : बेरीज नव्हे, घटना साठवा

आराखड्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे होतो, आणि तो चुकला तर नंतर दुरुस्ती फार महाग पडते.

समजा तुम्ही ‘शिल्लक पोती’ असा एकच आकडा ठेवला, आणि तो आहे ३००. केंद्रावरच्या माणसाने नेटवर्क नसताना ४० पोती घेतली, त्याच्या फोनवर ३४० झाले. त्याच वेळी गोडाऊनवाल्याने १२० पोत्यांची गाडी भरून दिली, त्याच्या फोनवर १८० झाले. दोघांचे फोन नेटवर्कमध्ये आले. सर्व्हरवर शेवटी जो आकडा पोहोचला तो राहतो : ३४० किंवा १८०. खरी शिल्लक २२०, आणि ती कुठेच नाही. दोघांनीही काही चूक केलेली नाही. चूक आराखड्याची आहे.

म्हणून ‘४० आली’ आणि ‘१२० गेली’ या दोन स्वतंत्र नोंदी साठवा आणि शिल्लक दर वेळी त्यांच्यावरून काढा. मग नोंदी कोणत्याही क्रमाने येवोत, बेरीज तीच येते. एकदा केलेली नोंद पुसता किंवा बदलता येऊ नये. चुकली तर तिला उलटवणारी दुसरी नोंद करायची, कारणासकट. जुन्या मुनीमजींनी खोडरबर कधी वापरला नाही, त्यामागचं शहाणपण हेच होतं.

आता नोंदीत काय काय हवं? सभासद क्रमांक, केंद्र, एकूण वजन, पोत्यांची संख्या, पोत्याचा प्रकार, ओलावा, काडीकचरा, लागू झालेला भाव, नोंदवणारा. यातला ‘पोत्याचा प्रकार’ हमखास विसरला जातो. ५० किलोचं ज्यूटचं पोतं रिकामं सुमारे ५८० ग्रॅम भरतं, प्लॅस्टिकचं साधारण १२०. चाळीस पोत्यांना ज्यूटची वजावट २३.२ किलो होते, प्लॅस्टिकची ४.८ किलो. फरक १८.४ किलोचा. भाव क्विंटलला ५,००० रुपये धरला तर ९२० रुपये. एवढ्यावरून काट्यावर भांडण होतं, आणि झालंच पाहिजे.

ओलाव्याचंही तसंच. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा असते. २,००० किलो माल १५ टक्के ओलाव्याचा आला, तर काही ठिकाणी जादा टक्क्यामागे क्विंटलला एक किलो कापतात, म्हणजे हिशेबाला १,९४० किलो धरतात. सुक्या मालाच्या हिशेबाने कापायचं तर २,००० ला ८५ ने गुणून ८८ ने भागायचं, उत्तर १,९३१.८ किलो. कोणती रीत वापरायची ते संचालक मंडळ ठरवेल. सॉफ्टवेअरने फक्त यंत्रावर दिसलेला मूळ आकडा साठवायचा आणि कोणती रीत लागू केली ते सोबत लिहून ठेवायचं. नुसतं कापून उरलेलं वजन साठवलं, तर महिन्याभराने वाद उपस्थित झाल्यावर मागे जायला वाट उरत नाही.

भाव नोंदीतच उतरवून घ्या. नोंदीतून ‘चालू भावा’च्या तक्त्याकडे बोट दाखवलं, तर उद्या भाव बदलताच कालच्या सगळ्या हिशेबपट्ट्या बदलतात. वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवा. दशांश अपूर्णांकांची बेरीज संगणक द्विमान पद्धतीने करतो, तिथे कणभर चूक शिरते आणि ती साठत गेली की ताळेबंद काही पैशांनी हटू शकतो. हिशेबनीस त्या पैशांसाठी रात्र घालवतो.

पायरी ४ : क्रमांक आणि वेळ

नेटवर्क नसताना पावती क्रमांक कोण देणार? सर्व्हरची वाट बघता येत नाही. प्रत्येक नोंदीला दोन ओळखी द्या. एक यंत्रासाठी : फोननेच तयार केलेला १२८ बिटांचा यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्या नोंदीशी जवळजवळ कधीच जुळणार नाही असा लांबलचक क्रमांक. दुसरी माणसांसाठी : ‘क-४१७’ असा तोंडी सांगता येईल असा छोटा क्रमांक. त्यातलं अक्षर फोनचं असू द्या, केंद्राचं नको. केंद्राचं ठेवलं आणि गर्दीत दुसरा फोन काढला, की दोघेही ४१८ फाडतात.

फोनच्या घड्याळावर विसंबू नका. कोणाचं दहा मिनिटं पुढे असतं, कोणी तारीख हाताने बदललेली असते. फोनची वेळ, सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ आणि त्या फोनचा चढता अनुक्रमांक, तिन्ही साठवा. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांचा क्रम घड्याळाशिवाय, नुसत्या मोजणीने कसा लावता येतो ते संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं आहे. इथे त्यातलं साधं तत्त्व पुरतं : एका फोनवरच्या नोंदींचा क्रम पक्का, दोन फोनांमधला क्रम शक्यतो गरजेचाच ठेवायचा नाही.

पायरी ५ : नेटवर्क नाही, हेच गृहीत धरा

नोंद आधी फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जाते, पावती छापली जाते, मग ती ‘पाठवायच्या’ रांगेत उभी राहते. पाठवणं फसलं तर ५ सेकंदांनी, मग १०, मग २० असं अंतर वाढवत जास्तीत जास्त ५ मिनिटांपर्यंत न्या. सगळे फोन दर सेकंदाला धडका मारू लागले, तर दुबळं नेटवर्क आणखी बसतं.

नेहमीचा घोटाळा असा : नोंद सर्व्हरवर पोहोचली, पण ‘मिळाली’ हे उत्तर परत येताना रेंज गेली. फोनला वाटतं गेलीच नाही, तो पुन्हा पाठवतो आणि ४० पोत्यांची ८० होतात. सर्व्हरवर यूयूआयडीला अनन्यतेची अट घाला, म्हणजे एकच यूयूआयडी दोनदा साठणार नाही. तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर चूक दाखवायची नाही, गुमान ‘मिळाली’ म्हणायचं.

आणखी एक : बॅटरी वाचवण्यासाठी बरेच अँड्रॉइड फोन मागे चालणारी ॲप्स बंद करतात. रांगेतल्या नोंदी कोणी ॲप उघडेपर्यंत तशाच पडून राहतात. बसवतानाच प्रत्येक फोनवर त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या. शिवाय पडद्यावर ‘३ नोंदी जायच्या बाकी’ हे ठळक दिसू द्या. खुणा नवीन शोधू नका. घड्याळ, एक टिक, दोन टिक यांचा अर्थ गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

फोटो वेगळ्या रांगेत ठेवा, लांब बाजू १,२८० पिक्सेलपर्यंत कमी करून. नाहीतर एका फोटोमागे पन्नास नोंदी अडकतात.

राहिला प्रश्न एकाच गोष्टीत दोघांनी बदल केल्याचा. वर सांगितल्याप्रमाणे घटना साठवल्या तर तो बहुतेक ठिकाणी उरतच नाही. उरतो तो सभासदाचा मोबाइल नंबर, पत्ता अशा माहितीत. तिथे प्रत्येक रकान्याला एक मालक ठरवा : बँक खातं फक्त हिशेबनीस बदलणार, इतरांनी ‘बदल सुचवा’ म्हणायचं. बैठकीचं इतिवृत्त चार जणांनी एकाच वेळी लिहायचं असेल, तरच अवघड गणिताला हात घाला. त्यासाठी एलिस आणि गिब्स या संशोधकांनी १९८९ मध्ये मांडलेली ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशनची पद्धत आहे (एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलाला जुळवून घेणारी) आणि २०११ पासून सीआरडीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचना आहेत (बदल कोणत्याही क्रमाने आले तरी सगळीकडे मजकूर एकच होतो अशा). दोन्हींच्या तयार लायब्ररी मिळतात, स्वतः लिहू नका. आणि काट्याच्या नोंदीला यांतलं काहीही लागत नाही. हौसेने बसवलं तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात मिळणार नाही.

पायरी ६ : कोणाला काय दिसावं

‘सगळ्यांना सगळं’ ही पारदर्शकता वाटते, पण शेजाऱ्याला किती पैसे मिळाले हे गावभर दिसू लागलं की लोक दुसऱ्याच्या नावावर माल घालू लागतात. भाव, शिल्लक, गोडाऊनमधली जागा, निघालेल्या गाड्या हे सर्वांना खुलं. वजन आणि ओलावा ज्याचा त्याला, आणि कामावरच्या माणसांना. रक्कम आणि बँक खातं सभासद स्वतः, हिशेबनीस आणि सीईओ एवढ्यांपुरतंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या दृष्टीनेही गरजेपुरतीच माहिती घेणं शहाणपणाचं. आधारचा फोटो ‘असू दे सोबत’ म्हणून साठवू नका.

अपवादाचं काय? संचालकांच्या नात्यातल्या कोणाचा तरी १४ टक्क्यांचा माल वजावटीशिवाय घेतला जातो, हे सॉफ्टवेअर येण्याआधीही होत होतं आणि नंतरही होणार. सॉफ्टवेअरने ते अडवलं तर काटेवाला ओलावा १२ लिहून मोकळा होतो, आणि आता तुमची नोंदच खोटी. त्यापेक्षा ‘वजावट माफ’ हे बटण द्या, कोणी सांगितलं आणि का ते लिहायला लावा, आणि दिवसाच्या गोषवाऱ्यात ती ओळ सर्व संचालकांना दिसू द्या. माफ्या आपोआप कमी होतात, आणि आकडा तरी खरा राहतो.

याउलट अर्धवट काम लगेच सगळ्यांना दिसू नये. गूगल वेव्ह हे मिळून लिहिण्या-बोलण्याचं ऑनलाइन साधन २००९ मध्ये आलं तेव्हा त्यात समोरच्याने टाइप केलेलं अक्षर न् अक्षर त्याच क्षणी दिसत असे. खोडलेलंही, अडखळलेलंही. पुढच्याच वर्षी गूगलने त्याचा विकास थांबवला. कारणं अनेक होती, पण ‘पक्की करा’ दाबेपर्यंत नोंद लिहिणाऱ्याचीच असावी, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

पायरी ७ : कोणाचा फोन कधी वाजावा

प्रत्येक नोंदीला सगळ्यांचे फोन वाजवलेत तर दुसऱ्या दिवशी सगळे सूचना बंद करतात, आणि मग गोडाऊन भरल्याचीही सूचना कोणाला पोहोचत नाही. लगेच वाजावं असं फार थोडं असतं : भाव बदलला, गोडाऊन भरत आलं, गाडीत चढवलेली आणि उतरलेली पोती जुळली नाहीत. (पाठवली १२०, पोहोचली ११८, हे दोन वेगळ्या माणसांनी दोन टोकांना नोंदवलं तरच कळतं. एकानेच दोन्ही भरली तर दोन्हीकडे १२० च लिहिलेले असतात.) बाकी सगळं ॲप उघडल्यावर दिसावं, आणि संध्याकाळी ७ वाजता एक गोषवारा.

शेतकऱ्यासाठी एसएमएस हाच खात्रीचा रस्ता. मराठीत एका एसएमएसमध्ये ७० वर्णच मावतात, रोमन लिपीत १६०. मात्रा आणि हलन्त स्वतंत्र धरले जातात. ‘निव्वळ’ डोळ्याला तीन अक्षरं, मोजणीत सहा. ‘क-४१७: ४० पोती, निव्वळ १९७६.८ किलो, ओलावा १२.४%’ हा मजकूर ४७ मध्ये बसतो. आदरार्थी प्रस्तावना जोडली की दोन एसएमएसचे पैसे लागतात. मजकुराचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या एसएमएस-नोंदणी यंत्रणेत आधी मंजूर करून घ्यावा लागतो. हंगाम तोंडावर आल्यावर याची आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

पायरी ८ : नावं शोधणं

इथे परक्या भाषेसाठी बनवलेले साचे हमखास फसतात. सुनील आणि सुनिल, पंडित आणि पंडीत, देशमुख आणि देशमूख : तीन केंद्रांवर एकच माणूस तीन सभासद होतो. शोधताना ऱ्हस्व-दीर्घ एकच धरा, अनुस्वार आणि जोडलेला अनुनासिक (पंप, पम्प) एकच धरा. ‘दऱ्या’मधला अर्धा र वेगवेगळे कीबोर्ड दोन वेगळ्या प्रकारे साठवतात, दिसतो मात्र सारखाच. ‘ॲ’चीही तीच गत. म्हणून साठवण्यापूर्वी मजकूर युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात आणा, आणि शोधासाठी अदृश्य जोडचिन्हं काढलेली, एकाच पद्धतीला आणलेली वेगळी प्रत ठेवा. एनएफसी एकट्याने हे सगळे भेद मिटवत नाही. मूळ नाव जसं सांगितलं तसंच छापा. पावतीवर स्वतःचं नाव बदललेलं कोणाला आवडत नाही.

आकडे देवनागरीत येवोत की रोमन, दोन्ही स्वीकारा. यादीचा क्रमही तपासा : युनिकोडच्या क्रमाने ‘ळ’ ल आणि व यांच्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. आणि एकाच गावात एकाच नावाचे चार जण असतात, तेव्हा गाव, वडिलांचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार अंक पडद्यावर एकत्र दाखवा.

पायरी ९ : छोटं पण पूर्ण वर्तुळ

चाचणी एका केंद्रापुरती ठेवली तर गोडाऊनवाल्याला दोन पद्धती सांभाळाव्या लागतात, आणि तो चार दिवसांत वैतागतो. सगळीकडे एकदम सुरू केलं तर पहिल्याच चुकीने तिन्ही काटे थांबतात. मधला मार्ग : एक केंद्र, त्याच केंद्राचा माल गोडाऊनमध्ये वेगळ्या थप्पीला, आणि हिशेबनिसाकडे त्याचीच वेगळी पट्टी. माहिती जिथून निघते तिथून पैसे जमा होईपर्यंतची साखळी पूर्ण, पण बारीक. सोयाबीनच्या ऐन गर्दीत नको, आधीच्या एखाद्या लहान हंगामात करा.

सात दिवस कागद आणि फोन समांतर चालवा. रोज संध्याकाळी तीन आकडे ताडून बघा : पावत्या, पोती, निव्वळ वजन. पावत्या जुळल्या आणि वजन नाही, तर पोत्याचा प्रकार बघा. पोती जुळली आणि पावत्या नाहीत, तर कोणीतरी दोन ट्रॅक्टर एका नोंदीत घातले. तिन्ही आकडे कमी असतील तर काही नोंदी रांगेत अडकल्या आहेत. सलग तीन दिवस तिन्ही जुळले की कागदाची पहिली प्रत बंद करा. सातच्या पुढे समांतर ताणू नका. लोक दोन्हीकडे अर्धवट भरू लागतात.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद करायच्या भानगडीत पडू नका. बोलणं तिथेच होऊ दे. ॲपमधल्या नोंदीचा दुवा ग्रुपवर टाकता येईल एवढी सोय पुरे. मग पायरी १ मधली वही काढा आणि पुन्हा एक दिवस प्रश्न मोजा. ‘पैसे कधी’ पूर्वीइतकाच विचारला जात असेल, तर ती माहिती ॲपमध्ये असूनही दिसत नाही, किंवा हिशेबनीस ती वेळेवर भरत नाही. दुसरं असेल तर पायरी २ कडे परत जा : त्याला भरण्यातून काय मिळतंय?

फोन बंद पडला, फुटला, चोरीला गेला, हे हंगामात एकदा तरी होतंच. काट्याच्या खोक्यात ५० पानांचं एक छापील पावतीपुस्तक ठेवा, ‘का-१’ ते ‘का-५०’. ॲपमध्ये ‘कागदी पावती चढवा’ असा वेगळा पर्याय हवा, जो हाच क्रमांक मागेल आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर थांबवेल. पुस्तक उघडलं त्या संध्याकाळी काटेवाला आणि हिशेबनीस दोघांनी मिळून ती पानं चढवायची, आणि चढवलेल्या पानावर आडवी रेघ मारायची.